अप्पांनी पिकअपला फ्रंट लावला, त्याची हकिकत

आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन लायसन्सं जपून ठेवली आहेत. आजोबांचं मुंबई राज्याचं, अप्पांचं म्हैसूर राज्याचं आणि माझं कर्नाटकाचं. माणसं एकाच गल्लीतली, गॅरेज एकाच जागेवर, बेळगावच्या गोवावेसपासून हाकेच्या अंतरावर. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही जागचे न हलता दुसऱ्या राज्यात गेलो आणि १९७३ च्या १ नोव्हेंबरला त्या राज्याचंही नाव बदललं. त्या विषयावर आपल्यापैकी पुष्कळांनी लिहिलंय. मी आज गॅरेजबद्दल लिहिणार आहे. अप्पांनी १९८६ साली माझ्या धाकट्या मामांच्या पिकअपला 'फ्रंट' लावला, त्याबद्दल.

नव्या पिढीसाठी आधी थोडं सांगतो. आता गाडी घेताना पोरं 'फोर बाय फोर' म्हणतात. आमच्याकडं तेव्हा 'फ्रंटची गाडी' म्हणायचे. साध्या पिकअपला इंजिनाची ओढ फक्त मागच्या दोन चाकांना मिळते, पुढची दोन चाकं नुसती वळवायला. फ्रंटच्या गाडीत पुढची चाकंही ओढतात. डांबरी रस्त्यावर दोघींत काही फरक कळत नाही. लाल चिखलात मात्र एक गाडी गावाला पोचते आणि दुसरी बैल येईपर्यंत तिथंच राहते.

आणि खानापूर तालुक्यात लाल चिखलाला काय तोटा? जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना पाऊस कसा लागतो ते तिकडच्यांनाच माहीत. मलप्रभा नदी उगम पावते ती कणकुंबीलाच. मामांचं गाव जांबोटीच्या पलीकडं, मुख्य रस्त्यापासून सहा किलोमीटर आत, जंगलाच्या कडेला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्या सहा किलोमीटरला रस्ता म्हणायची सोय नव्हती. आजारी माणसाला बांबूला घोंगडं बांधून, चौघांच्या खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणायचे. माझ्या आईचे वडील असेच वाटेत गेले. आई ती गोष्ट सांगायला लागली की अर्ध्यावरच थांबायची.

मामांनी जुनं पिकअप घेतलं होतं. काजू, भात, लाकूडफाटा, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्याच्या हौद्यातनं जायचं. १९८६ च्या शिमग्याला ते आमच्याकडं आले तेव्हा जेवता जेवता म्हणाले, "दाजी, मला पावसात चालणारी गाडी पायजे. उन्हाळ्यात काय, बैलगाडी बी जाती."

नवी फ्रंटची गाडी घ्यायची मामांची ऐपत नव्हती. अप्पा जेवायचे थांबले नाहीत, पण हात धुताना म्हणाले, "आहे तिलाच फ्रंट लावूया की."

अप्पांच्या डोक्यात हे कुठनं आलं त्याला जुना संदर्भ आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याचा उरलेला माल हिंदुस्थानात डिस्पोजलमध्ये विकला गेला. त्यात जीपा होत्या. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धात सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या होत्या. पुढं १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. त्यामुळं लष्कराची असो की बाजारातली, जीप उघडली की आतला वंश एकच. बेळगाव लष्कराचं गाव, १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र इथं. जीप दुरुस्त करणारे हात इथं पिढीजात तयार होते.

शिवाय अप्पांनी डिसेंबर १९६१ पाहिला होता. तेव्हा ते चौदा वर्षांचे. गोवा मुक्तीसाठी फौजा बेळगावात जमल्या, रेल्वेगाड्या लष्करानं घेतल्या, कॅम्पात जिकडं बघावं तिकडं ट्रक आणि जीपा. १८ डिसेंबरला फौजा गोव्यात शिरल्या, त्यातली एक वाट अनमोड घाट उतरून मोलेला जाणारी. पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, तरी दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. त्याच्या आदल्या दिवसांत, एका ओढ्यात अडकलेली जीप अप्पांनी पाहिली. ड्रायव्हरनं शेजारचा एक छोटा दांडा ओढला, पुढची चाकं माती फेकायला लागली आणि जीप स्वतःच स्वतःला ओढून वर आली. "माणूस जसा हातानं कठडा धरून वर चढतो, तशी," असं अप्पा म्हणायचे. ती जीप त्यांच्या डोळ्यांपुढनं कधी गेली नाही.

पुढं मी वाचलं की हा उद्योग अमेरिकेतही असाच सुरू झाला. मार्मन-हेरिंग्टन नावाची कंपनी १९३५ पासून फोर्डच्या साध्या ट्रकांना पुढची ओढ बसवून द्यायची. युद्धानंतर मिनिआपोलिसची नॅपको कंपनी शेव्हरलेच्या पिकअपसाठी सगळे भाग एकत्र विकायची. १९५७ साली शेव्हरले स्वतःच तो सरंजाम कारखान्यातनं बसवून द्यायला लागली. म्हणजे तिथं ज्याची पेटी मिळत होती, ते इथं अप्पा तीन ठिकाणच्या भंगारातनं गोळा करत होते. त्यांना नॅपकोचं नाव आयुष्यात कधी कळलं नाही.

आता काय काय लागतं ते बघा.

पहिलं, ट्रान्स्फर केस. गिअरबॉक्सच्या मागं बसणारी ही पेटी आलेली ओढ दोन वाटांनी सोडते, एक मागं आणि एक पुढं. नुसती पेटी आणून भागत नाही, कारण साध्या गाडीच्या गिअरबॉक्सचा शेवटचा शाफ्ट वेगळा असतो. म्हणून अप्पांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातल्या जीपचा गिअरबॉक्स ट्रान्स्फरसकट उचलला. त्याच्याबरोबर दोन जादा दांडे आले, एक फ्रंट लावायचा आणि एक 'लो'चा. लो लावला की गाडी मुंगीच्या पावलानं जाते, पण ओढ जवळजवळ अडीचपट होते.

दुसरं, पुढचा ॲक्सल. साध्या पिकअपला पुढं नुसता लोखंडी दांडा असतो, त्याच्या टोकांना चाकं. फ्रंटच्या गाडीला तिथं मागच्यासारखंच हौसिंग लागतं, आत क्राऊन आणि पिनियन. वर त्या चाकांनी वळायलाही पाहिजे. फिरणाऱ्या शाफ्टला कोनात वाकवायचं तर साध्या क्रॉसनं तो झटके खातो, म्हणून चाकाजवळ गोळ्यांचा खास सांधा असतो. युद्धातल्या जीपांमध्ये या सांध्यांच्या रझेपा, बेंडिक्स, ट्रॅक्टा अशा वेगवेगळ्या जाती होत्या आणि एकीचा माल दुसरीला लागत नाही. अप्पांना पुढचा ॲक्सल मिळाला तो युद्धाच्या वेळच्या एका डिस्पोजल जीपचा. एका विटभट्टीवर ती सांगाडा होऊन पडली होती. जीप आणि पिकअप एकाच घरातली, त्यामुळं पाट्यांवर ॲक्सल बरोबर बसला, यू-बोल्टसुद्धा जुनेच चालले.

तिसरं, शाफ्ट. पुढचा नवा करायचा आणि मागचा बदलायचा, कारण मध्ये पेटी आली की मागच्या शाफ्टची लांबी आणि कोन दोन्ही बदलतात. आमचे टर्नर चाचा लेथवर दोन दिवस त्याच कामात होते. पुढचं वजन वाढलं म्हणून पाट्यांत एक पान वाढवलं. ब्रेकची नळी नव्यानं फिरवली.

मी तेव्हा बारा वर्षांचा. परीक्षा संपल्यापासून माझं काम म्हणजे रॉकेलमध्ये बेअरिंग धुणं आणि अप्पा मागतील तो पाना हातात देणं. मे महिना सरत आला, वळीव पडून गेला, मामांचे निरोपावर निरोप यायला लागले. मामी पोटुशी होत्या, दिवस जुलैचे होते. हे सगळं मनात धरून अप्पा घाई करत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी उभी राहिली. गल्लीतल्या बायकांनी नारळ फोडला. मामांनी ती समोरच्या मोकळ्या जागेतल्या चिखलात घातली, फ्रंट ओढला आणि पिकअप हत्तीसारखं बाहेर आलं. अप्पांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहिला महिना गाडीनं नाव काढलं. मामांनी दोन आजारी माणसं आणि शाळेचं धान्य त्या चिखलातनं आणलं. फक्त एक तक्रार होती. डांबरी रस्त्यावर आल्यावर फ्रंटचा दांडा निघता निघत नाही, गाडी थोडी मागं घ्यावी लागते. अप्पा म्हणाले, "नवीन बसवलंय, घासून मोकळं होईल."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमाराला मामींना कळा सुरू झाल्या. मामा, आजी आणि गावातली सुईण असे सगळे निघाले. मामी हौद्यात, ताडपत्रीखाली, गवताच्या पेंढ्यांवर. सहा किलोमीटर चिखल गाडीनं बिनतक्रार कापला. मुख्य रस्त्याला लागल्यावर मामांनी फ्रंट काढायला दांडा ओढला. तो हलेना. गाडी मागं घेतली, तरी हलेना. एवढ्या रात्री, एवढ्या पावसात वेळ घालवायचा कसा, म्हणून तशीच पुढं काढली. जांबोटीच्या अलीकडं उतारावर बंदुकीसारखा आवाज झाला. पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला, सुटलेलं टोक गरागरा फिरत खालच्या ब्रेकच्या नळीवर आपटलं आणि नळी फाटली. त्या गाड्यांना ब्रेकची एकच वाट. नळी फाटली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

गाडी कडेच्या मातीच्या ढिगाला टेकून थांबली, ही देवाची कृपा. मामा पावसात पाठीवर झोपून, तोंडात बॅटरी धरून, तासभर तो शाफ्ट सोडवत होते. वर मामींचं ओरडणं ऐकू येत होतं. शाफ्ट निघाला, ब्रेक नव्हताच. पण क्रॉस तुटल्यावर दांडा मात्र मोकळा झाला होता. मामांनी लो लावला. पुढचा शाफ्ट नसला तरी लो लागतो, मागची चाकं ओढतात. इंजिनाच्या जोरावर गाडी आवरत, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं त्यांनी सगळे उतार काढले. उजाडता उजाडता खानापूरच्या दवाखान्यात पोचले. अर्ध्या तासात माझी मामेबहीण झाली. दोघी सुखरूप.

मामा दुसऱ्या दिवशी एसटीनं आमच्याकडं आले. हातात तुटलेला क्रॉस, धडप्यात गुंडाळलेला. पेढे आणले होते ते आधी आईच्या हातात दिले. मग अप्पांच्या बाकावर क्रॉस ठेवून म्हणाले, "दाजी, तिनंच आणलं, आणि तिनंच अडवलं."

एवढंच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर अप्पांना बरं वाटलं असतं, असं आई नंतर म्हणाली. त्या रात्री अप्पा जेवले नाहीत.

गाडी ओढून आणली. अप्पांनी चारही चाकं जॅकवर उचलली. मला आणि थोरल्या भावाला मागच्या दोन चाकांशी बसवलं. टायरवर खडूची खूण, शाफ्टवर खडूची खूण. दोघांनी मिळून चाकं बरोबर एक फेरा फिरवायची आणि अप्पा खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजणार. मागं आले पाच आणि वर एक तृतीयांशाहून जरासे जास्त. मग पुढं तसंच केलं. पुढं आले पाचाला थोडे कमी.

अप्पा गाडीखालनं बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

मग दोन्ही हौसिंग उघडली आणि दात मोजले. मागच्या पिनियनला आठ आणि क्राऊनला त्रेचाळीस. पुढच्या पिनियनला आठ आणि क्राऊनला एकोणचाळीस. युद्धातल्या जीपांना आठ-एकोणचाळीस असायचं, नंतरच्या नागरी जीपांना आठ-त्रेचाळीस. बाहेरनं हौसिंग सारखंच, रंगही सारखाच. विकणारा म्हणाला "जीपचाच आहे," ते खरंच होतं. फक्त कुठल्या काळातल्या जीपचा, ते कुणी विचारलं नव्हतं.

हा फरक काय करतो? एकाच पेटीतनं दोन्ही शाफ्ट सारख्याच वेगानं फिरतात. मागचं चाक दहा फेरे घेतं तेव्हा पुढचं अकरा घेऊ बघतं. एक किलोमीटरला शंभर मीटरची ओढाताण. चिखलात चाक घसरून तो हिशेब मिटवून टाकतं, म्हणून चिखलात सगळं झकास. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, दातांमध्ये साठत जातो. दांडा अडकतो तो त्या पिळामुळंच. गाडी महिनाभर सांगत होती. अप्पांनी ऐकलं नव्हतं.

मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन दिवस फिरून अप्पांनी आठ-त्रेचाळीसची जोडी आणली. ती बसवताना घाई नाही. पिनियनमागं पातळ पत्र्याच्या चकत्या घालायच्या, काढायच्या, पुन्हा घालायच्या. तेलात शेंदूर कालवून दातांना लावायचा, क्राऊन फिरवायचा आणि दातांवर ठसा कुठं उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या मधोमध पाहिजे. टोकाला आला तर आवाज करणार, बुडाला आला तर दात खाणार. आई म्हणाली, "मारुतीला लावायचा शेंदूर गाडीला?" अप्पा म्हणाले, "ओझं वाहायचं काम दोघांचंबी." ब्रेकची नळी शाफ्टपासून लांब, चेसीच्या आतल्या अंगानं फिरवली आणि पुढच्या शाफ्टखाली लोखंडी पट्टीचा फास बसवला, तुटला तरी लोंबकळू नये म्हणून. हा फास त्यांच्या मनाचा. पुढं त्यांनी हात लावलेल्या प्रत्येक गाडीला तो होता.

गणपतीच्या आधी गाडी गावाला गेली. त्यानंतर मामांनी ती अठरा वर्षं चालवली. किती बाळंतिणी, किती साप चावलेले, किती शेवटचे प्रवास त्या हौद्यातनं झाले, याची नोंद कुणी ठेवली नाही. अप्पांनी त्यानंतर अकरा गाड्यांना फ्रंट लावला, खानापूर, चंदगड, एक सत्तरीतल्या खाणमालाच्या ठेकेदाराची. प्रत्येक वेळी आधी दात मोजले.

आता हे काम बंद झालंय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. २००० साली त्यात दुरुस्ती झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. आमच्या धंद्यातले पुष्कळ लोक त्यावर चिडले. मला मात्र ती जुलैची रात्र आठवते. रस्त्यावर ब्रेक नसलेली गाडी आणि हौद्यात बाळंतीण, हे आमच्याच हातानं झालं होतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं असलंच काहीतरी असणार. आणि तरीही, तो फ्रंट लावला नसता तर मामी त्या रात्री चिखलाचे सहा किलोमीटर बांबूवरनं आल्या असत्या, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी मी एकमेकींवर घालून बघतो, पण हिशेब सुटत नाही.

अप्पा गेल्याला सात वर्षं झाली. तो एकोणचाळीस दातांचा क्राऊन त्यांनी भंगारात दिला नव्हता. गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवला होता. कामाला नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला तो काढून द्यायचे आणि म्हणायचे, "मोज." पोरगा चाळीस म्हणायचा, अडतीस म्हणायचा. बरोबर उत्तर येईपर्यंत पाना हातात मिळायचा नाही.

मागच्या महिन्यात मामेबहीण पुण्याहून आली होती. तिची स्वतःची गाडी, कारखान्यातनंच फोर बाय फोर आलेली, एक बटण फिरवलं की काम. गॅरेजमध्ये चहा पिताना तिनं तो क्राऊन पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. तिला ही सगळी हकिकत कुणी सांगितलीच नव्हती. तिच्या आईनं एवढंच सांगितलं होतं की तुझ्या जन्माच्या रात्री पाऊस फार होता. मी सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग क्राऊन मांडीवर घेऊन, खडूनं खूण करून, दात मोजायला लागली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर किंवा गोव्याकडच्या कुणाच्या घरी अशी फ्रंट लावलेली गाडी होती का? कुणाच्या वडिलांनी, काकांनी डिस्पोजलच्या जीपांवर काम केलंय का? फोटो असेल, लिलावाची जुनी पावती असेल, तर जरूर टाका. माझ्याकडं अप्पांच्या त्या पहिल्या पिकअपचा एकही फोटो नाही.